थिबा राजवाडा आणि माझं एक चुकलेलं उत्तर

भाचा, त्याची बायको आणि त्यांची आठवीतली लेक अशी पुण्याची तिघं मागे फेब्रुवारीतल्या एका शनिवार-रविवारी देवरुखला मुक्कामाला आली होती. फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे फिरायला उत्तम. ऊन अजून अंगावर येत नाही, आंब्याला मोहर आलेला असतो आणि पावसाळ्यासारखी वाटेत अडकायची भीती नसते. नातीला शाळेत प्रकल्प दिला होता, "वसाहतकालीन घरे". वर्गातल्या बहुतेकांनी म्हणे आगाखान पॅलेस घेतला, म्हणून हिला काहीतरी वेगळं हवं होतं. "आजी, तुझ्याकडे कुठलं जुनं घर आहे?" मी म्हटलं, "मी राहते तेच!" पण ते काही तिला पटलं नाही.

मग रत्नागिरीला जायचं ठरलं. दोन घरं दाखवायची. एक लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान, दुसरा थिबा पॅलेस. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यात किमान वीस वेळा तरी मुलांच्या सहली घेऊन मी या दोन ठिकाणी गेले असेन. झोपेतून उठवलं तरी माहिती सांगेन असा माझा समज होता. तो समज त्या दिवशी कसा उतरला, ते आज लिहायचं आहे. एक जुनी कबुलीही द्यायची आहे. बरेच दिवस मनात होती, पण लिहायला धीर होत नव्हता. असो.

सकाळी घावणे आणि चहा करून आठलाच निघालो. हातखंब्यावरून आत वळलो आणि आधी टिळक आळीत गेलो. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६चा, याच घरातला. कौलारू उतरतं छप्पर, जांभा दगड, आत शिरल्यावर जाणवणारा गारवा. कोकणातल्या कुठल्याही जुन्या ब्राह्मणी घरासारखं घर. नात जरा हिरमुसली. तिला मोठमोठे खांब आणि जिने अपेक्षित असावेत. मी तिला सांगितलं की लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत रत्नागिरीत शिक्षक होते, १८६६ साली त्यांची पुण्याला बदली झाली आणि दहा वर्षांचा बाळ त्यांच्याबरोबर पुण्याला गेला. शिक्षकाचा मुलगा, हे वाक्य मी दर सहलीत जरा जोरात म्हणत असे. आमच्या धंद्याचा तेवढाच अभिमान!

पुढचं भाषणही माझं ठरलेलं. १९०८ साली राजद्रोहाचा खटला झाला, सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि लोकमान्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात नेलं. तिथली हवा, तिथला उन्हाळा, मधुमेहानं पोखरलेलं शरीर. १९१०-११च्या हिवाळ्यात त्या कोठडीत बसून पेन्सिलीनं लिहिलेलं गीतारहस्य. १९१२ साली इकडे पुण्यात सत्यभामाबाई गेल्या, तेव्हा ते तिकडेच होते. १९१४च्या जूनमध्ये सुटका झाली. हे सांगताना माझा आवाज अजूनही भरून येतो. नातीनं सगळं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "पण आजी, त्यांना इतक्या लांब का नेलं? इथे तुरुंग नव्हते?"

मी म्हटलं, "होते ना. पण माणूस आपल्या माणसांपासून तोडला की अर्धा संपतो, हे इंग्रजांना बरोबर कळलं होतं."

हे उत्तर देऊन आम्ही गाडीत बसलो आणि दहा मिनिटांत थिबा पॅलेसच्या फाटकाशी उतरलो. माझंच उत्तर माझ्यापुढे उभं राहिलं आणि मला ते लगेच ओळखूही आलं नाही, बघा.

ज्यांनी थिबा पॅलेस पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लाल जांभ्याची, उतरत्या छपरांची मोठी तीनमजली इमारत आहे. पश्चिमेकडे अर्धगोल लाकडी खिडक्या, त्यांवर कोरीव काम. आत एक संगमरवरी फरशीचा मोठा दिवाणखाना आहे. मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती. राजानं म्हणे बांधकामाच्या आराखड्यात स्वतः लक्ष घातलं होतं. आता तिथे शासनाचं संग्रहालय आहे. नात खूश झाली. खांब मिळाले, जिने मिळाले, फोटो काढायला खिडक्या मिळाल्या.

आता या घराची गोष्ट. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. १८७८ साली विशीत असताना गादीवर आला. राजधानी मंडाले. १८८५ साली सागवानाच्या व्यापारावरून भांडण झालं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी, १८६३ साली आपल्या मुंबईत स्थापन झालेली, ब्रह्मदेशच्या जंगलातून सागवान काढत असे. जास्त ओंडके नेऊन कमी दाखवले असा आरोप ठेवून राजाच्या सरकारनं तिला मोठा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. नोव्हेंबर १८८५मध्ये फौजा इरावती नदीतून वर गेल्या आणि अवघ्या दोन आठवड्यांत राज्य संपलं. राजा-राणीला बैलगाडीत बसवून नदीकाठी आणलं, बोटीवर चढवलं, रंगून, मद्रास आणि मग एप्रिल १८८६मध्ये रत्नागिरी. राजा तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. बरोबर राणी सुपायालत, तिची धाकटी बहीण सुपायागले, जी राजाची धाकटी राणी होती, आणि लहान मुली. चौथ्या मुलीचा जन्म तर रत्नागिरीतलाच.

रत्नागिरीच का? तेव्हा इथे रेल्वे नव्हती. (ती यायला पुढे शंभराहून जास्त वर्षं लागली, पण तो वेगळा विषय आहे!) एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की गाव जगापासून तुटलेलं. राजाला ठेवायला याहून सोयीची जागा कुठली?

बहुतेक लोकांना वाटतं, मलाही कित्येक वर्षं वाटत होतं, की राजा तीस वर्षं या राजवाड्यात राहिला. तसं नाही. राजवाडा बांधून झाला १९१० साली. त्याआधीची चोवीस वर्षं हे कुटुंब सरकारनं ठरवून दिलेल्या बंगल्यांत राहिलं. तनखा ठरलेला, तो पुरत नसे. बरोबर आणलेले दागिने आणि रत्नं एकेक करून विकावी लागली. घराबाहेर कुठे जायचं तर अधिकाऱ्याची परवानगी. राजवाड्यात जेमतेम सहा वर्षं मिळाली आणि डिसेंबर १९१६मध्ये सत्तावन्नाव्या वर्षी थिबा इथेच वारला.

आता तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. ज्या १९१० साली थिबासाठी रत्नागिरीत राजवाडा बांधून झाला, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात रत्नागिरीत जन्मलेले टिळक थिबाच्या राजधानीत, त्याच्याच जुन्या किल्ल्याच्या तटाआडच्या तुरुंगात बसून गीतारहस्य लिहीत होते. मंडालेचा माणूस रत्नागिरीत कोंडलेला आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. त्याही आधी, १८५८ साली दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर असाच रंगूनला नेला होता, तो १८६२ साली तिथेच मेला. इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे. वाण्याच्या दुकानात बरण्या हलवाव्यात तशी माणसं हलवली.

मी हे मोठ्या ऐटीत सांगत होते. नात मध्येच म्हणाली, "म्हणजे टिळक जिथे होते तो तुरुंग आणि राजा जिथे होता तो राजवाडा? पण दोघांनाही जाता येत नव्हतं ना?"

मी गप्प झाले. छत्तीस वर्षांत मी एकदाही मुलांना हे असं सांगितलं नव्हतं. टिळकांच्या घरी मी रडवेली होत असे आणि थिबा पॅलेसला आल्यावर म्हणत असे, "बघा मुलांनो, केवढा दिवाणखाना! केवढ्या खिडक्या!"

भाच्याला इतिहासाची आवड आहे. तो म्हणाला, "मावशी, तू एकदम त्याला टिळकांच्या शेजारी बसवू नकोस. गादीवर आल्यावर याच्या दरबारात किती भाऊबंद मारले गेले, ठाऊक आहे ना?" ठाऊक आहे. १८७९ साली राजघराण्यातल्या कितीतरी माणसांची, त्यात बायका-मुलंही आली, कत्तल झाली. गादीवर कुणी हक्क सांगू नये म्हणून. ते थिबानं केलं, की सासूनं आणि राणीनं त्याच्या नावावर केलं, याबद्दल वाद घालतात. पण झालं हे खरं, आणि ते नातीपासून लपवायचं काही कारण नाही. टिळकांना शिक्षा झाली ती लिहिल्याबद्दल, लोकांसाठी. थिबा काही लोकांसाठी तुरुंगात गेला नव्हता. एवढा फरक मी मान्य करते. पण इंग्रजांनी त्याला त्या कत्तलीची शिक्षा म्हणून इथे आणलं नव्हतं. कत्तल १८७९ची, त्याला उचललं १८८५ला, सागवानाच्या वेळी. आणि त्याच्या मुलींनी तर कुणाला मारलं नव्हतं. थोरली मुलगी इथे आली तेव्हा पाच-सहा वर्षांची होती.

इथे माझी कबुली येते.

१९९१ साल. सातवीचा वर्ग घेऊन मी इथे आले होते. सगळं दाखवून झालं, बसमध्ये बसायची घाई चालली होती. एक मुलगा, वर्गात तसा शेवटच्या बाकावरचा, फारसा न बोलणारा, माझ्याजवळ आला. म्हणाला, "बाई, राजाचं कुणी आहे का हो आता इथे?" मी म्हटलं, "नाही रे. राजा वारल्यावर सगळे परत ब्रह्मदेशात गेले." तो "बरं" म्हणून बसमध्ये चढला.

बसचा ड्रायव्हर रत्नागिरीचाच होता. त्यानं ऐकलं असावं. वाटेत चहाला थांबलो तेव्हा हळूच म्हणाला, "बाई, सगळे नाही गेले. राजाची नात आहे की गावात. म्हातारी आहे. आपल्यासारखीच मराठी बोलते."

मला आधी खरंच वाटलं नाही. मग कळलं, की रत्नागिरीत बहुतेकांना हे माहीत आहे. राजाची थोरली मुलगी, फाया जी. राजाच्या घरचा दरवान गोपाळ सावंत याच्यावर तिचा जीव जडला. तो आधीच लग्न झालेला, घरसंसार असलेला. १९०६ साली तिला मुलगी झाली, तिचं नाव टूटू. राजा-राणीला काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. १९१९ साली सरकारनं कुटुंबाला परत जायला परवानगी दिली, सगळे रंगूनला गेले. फाया जीसुद्धा मुलीला घेऊन गेली. पण ती तिथे रमली नाही आणि परत रत्नागिरीला आली. ज्या गावात तिला कैदी म्हणून आणलं होतं, त्याच गावात स्वतःच्या पायांनी परत! पुढचं आयुष्य हलाखीत गेलं आणि १९४७ साली ती इथेच वारली. टूटू इथेच वाढली, मराठीच बोलली, इथल्याच एका मेकॅनिकशी लग्न करून संसार केला. लोक तिला बाईसूबाई म्हणत. गरिबीतच राहिली. ब्रह्मदेशच्या राजाची नात, आणि तिला ब्रह्मी भाषा येत नव्हती.

ड्रायव्हरनं सांगितलं तेव्हा मला काय करता आलं असतं? दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून, "काल मी एक चुकीचं उत्तर दिलं" एवढं तरी म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. का? खरं सांगायचं तर दोन कारणं. एक, बाईंचं उत्तर चुकलं हे मुलांना कशाला सांगा, असा त्या वेळचा आमचा मोठेपणा. आणि दुसरं, जास्त लाजिरवाणं. दरवान, लग्न झालेला माणूस, लग्नाशिवाय झालेली मुलगी, हे सातवीच्या वर्गाला कसं सांगायचं? त्यापेक्षा राजाचे सगळे परत गेले हे उत्तर स्वच्छ होतं. मी तेच उत्तर पुढे कित्येक सहलींत दिलं. माहीत असून! टूटू २००० साली गेली. तोपर्यंत मी दोन-तीनदा तरी मुलांना घेऊन तिच्याच गावात येऊन, तिच्या आजोबांच्या खिडक्या दाखवून परत गेले असेन.

सुधा शहा यांनी थिबा आणि त्याच्या कुटुंबावर इंग्रजीत "द किंग इन एक्झाइल" नावाचं पुस्तक लिहिलं, ते २०१२ साली आलं. माझं इंग्रजी बेताचं, पण डिक्शनरी शेजारी ठेवून बराच भाग वाचला. वाचताना सारखं वाटत होतं, ही बाई लांबून येऊन इतकं विचारत बसली. मी पन्नास किलोमीटरवर राहत होते.

त्या दिवशी राजवाड्याच्या पायऱ्यांवर बसून मी हे सगळं मुलांना सांगितलं. मुलांना म्हणजे भाचा, सूनबाई आणि नातीला. भाचा म्हणाला, "पण मावशी, ते लोकांचं खाजगी आहे. गावानं बोभाटा केला नाही हे एका परीनं चांगलंच. त्या बाईला राजाची नात म्हणून बघायला सहलीच्या सहली तिच्या दारात उभ्या राहिल्या असत्या, ते बरं दिसलं असतं का?"

या मुद्द्याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. विचार करता मला वाटतं तो अर्धा बरोबर आहे. गाव कुणाच्या दारात उभं राहिलं नाही ही गावाची माणुसकी असू शकते. तिला बाईसूबाई म्हणून शेजारीण केलं, हे राजकन्या म्हणून मिरवण्यापेक्षा तिला कदाचित जास्त हवंसंही असेल. आजही तिच्या घरच्यांना कुणी जाऊन त्रास द्यावा असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण गावानं राखलेला आब वेगळा आणि माझ्यासारखीनं वर्गात सांगितलेलं खोटं वेगळं. मला कुणाचं घर दाखवायचं नव्हतं. "हो, आहे, आणि ती आपल्यातलीच आहे" एवढंच म्हणायचं होतं. त्यानं कुणाचं काय बिघडलं असतं?

उलट त्या शेवटच्या बाकावरच्या पोराला कळलं असतं, की इतिहास म्हणजे केवळ कपाटातल्या मूर्ती आणि पाटीवरच्या सनावळ्या नाहीत. तो बाजारात भाजी घेत असतो, आपल्याच भाषेत भाव करत असतो.

आता मला जे म्हणायचं आहे ते नीट मांडते.

जुन्या घरांची सध्या फार चलती आहे. लोक सुट्टी काढून वाडे, बंगले, गोव्यातली पोर्तुगीज घरं बघायला जातात. चांगली गोष्ट आहे. पण बघताना आपण काय बघतो? फरशी, खिडक्या, झुंबर, जिना. आणि मग म्हणतो, "काय राहायचे नाही लोक!" कोण राहायचे, कसे राहायचे, त्यांच्यासाठी पाणी कोण भरायचं, संध्याकाळी फाटक कोण लावायचं, हे विचारत नाही. थिबा पॅलेसचं फाटक रोज लावणारा माणूस इंग्रज नव्हता हो. तो आपल्यातलाच कुणीतरी होता. पहाऱ्यावरचे पोलीस, हिशेब ठेवणारे कारकून, घरातले गडी-मोलकरणी, अडचणीतल्या राजाकडून रत्नं विकत घेणारे, सगळे आपले. मंडाले जिंकायला गेलेल्या फौजेतले बहुसंख्य शिपाई हिंदुस्थानी होते. जिंकल्यावर ब्रह्मदेश जोडला तो ब्रिटिश हिंदुस्थानला, १९३७ सालापर्यंत तो आपलाच एक प्रांत म्हणून चालवला गेला.

इंग्रजांच्या राज्याचा इतिहास शिकवताना मी नेहमी "त्यांनी" आणि "आपल्याला" असे दोनच रकाने आखले. मंडालेत टिळक, हे आपल्या रकान्यात बसतं. रत्नागिरीत थिबा, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिथे आपण कैद्याच्या बाजूला नव्हतो. फार तर कैदखान्याच्या नोकरीत होतो. म्हणून मग आपण खिडक्या दाखवतो. मी तरी तेच केलं.

म्हणजे आपण अपराधी आहोत असं म्हणून कपाळ बडवायचं का? नाही. फाटकावरच्या माणसालाही पोट होतंच. आणि त्या फाटकावरच्याच एकावर राजकन्येचा जीव जडला, हेही याच इतिहासात आहे. माणसं रकान्यात बसत नाहीत, एवढंच मुलांना कळलं तरी पुष्कळ. सातवीतल्या मुलाला ते नक्की कळतं. आम्हा शिक्षकांनाच धीर होत नाही.

सूनबाई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "मावशी, राजाची समाधी कुठे आहे? तिथे तुम्ही सहल नेत होतात का?" नव्हते नेत. वेळ नसायचा. पाचाच्या आत मुलांना घरी पोचवायचं असायचं.

मग आम्ही गेलो. शिवाजीनगर भागात, घरांच्या वस्तीत आहे. राजाची आणि धाकट्या राणीची. धाकटी राणी १९१२ साली गेली होती. राजाचा देह ब्रह्मदेशात न्यायला परवानगी मिळेल या आशेवर घरच्यांनी कितीतरी वाट पाहिली, ती मिळाली नाही, आणि अखेर १९१९ साली इथेच दफन झालं. मेल्यावरसुद्धा सोडलं नाही म्हणायचं! राणी सुपायालत रंगूनला परतली आणि १९२५ साली तिथे वारली. नवरा इथे, बायको तिथे. २०१२च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन मुद्दाम रत्नागिरीला आले होते आणि या समाधीपुढे त्यांनी माथा टेकवला. त्यांना इतक्या लांबून यावंसं वाटलं. मी बाजाराला म्हणून कितीदा रत्नागिरीला आले असेन, पण या गल्लीत त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल टाकलं. वयाच्या पंच्याहत्तरीत.

नातीनं विचारलं, "आजी, इथे फूल वाहायचं असतं का?" मी म्हटलं, "वाहिलं तर कोण नको म्हणणार आहे?" शेजारच्या कुंपणाबाहेर लवलेली जास्वंद होती. घरातल्या बाईंना विचारून तिनं दोन फुलं घेतली आणि ठेवली. त्या बाईंनी आम्हाला पाणी दिलं. "पुण्याचे काय?" म्हणाल्या. रत्नागिरीकरांना पाहुणे लगेच ओळखता येतात.

संध्याकाळी थिबा पॉइंटवर गेलो. खाली भाट्याची खाडी, पूल, पलीकडे समुद्र. सूर्यास्त छान दिसतो, गर्दीही असते. तिथे उभं राहिल्यावर प्रत्येक जण पश्चिमेकडे बघतो. मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं, की ब्रह्मदेश पूर्वेला आहे. आपल्या पाठीमागे.

घरी आल्यावर नातीनं प्रकल्पात एक बदल केला. वहीवर "थिबा पॅलेस, रत्नागिरी : एक राजवाडा" असं लिहिलं होतं. ते खोडून तिनं "एक घर" केलं. का, ते मी विचारलं नाही.

आणि मी काय केलं ते सांगते. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. तिथे विचारून त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाचा नंबर मिळवला. मुलगा कसला, आता पंचेचाळिशी उलटलेला बाप्या. गॅरेज आहे त्याचं. फोन केला आणि म्हटलं, "अरे, १९९१ साली सहलीत तू मला एक प्रश्न विचारला होतास, त्याचं उत्तर चुकलं होतं." तो घाबरलाच बिचारा. त्याला वाटलं बाईंचं काहीतरी बिनसलं. मग मी सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, मला तर तो प्रश्न आठवतही नाही. पण मेकॅनिकशी लग्न केलं म्हणता? बरं वाटलं ऐकून."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

आपल्या नातलगांपैकी जे रत्नागिरीत वाढले आहेत, त्यांना एकच सांगणं आहे. तुमच्या आजी-आजोबांकडून थिबाच्या घराबद्दल, तिथे कामाला असलेल्या कुणाबद्दल काही ऐकलं असेल तर ते लिहून ठेवा. चार ओळी का असेनात. कुणाची बदनामी नको आणि मीठमसालाही नको. आणि जे अजून शाळेत शिकवतात त्यांना सांगते, पुढच्या वेळी सहल न्याल तेव्हा टिळक आळी आणि थिबा पॅलेस ही दोन ठिकाणं वेगवेगळी दाखवू नका. एकाच गोष्टीची ती दोन टोकं आहेत. आणि जाताना दहा मिनिटं समाधीपाशी थांबा. पाचाऐवजी सव्वापाचाला मुलं घरी पोचली तर पालक रागवत नाहीत. मी उगाचच घाबरत होते.